पहिल्याच फेरीत आभार

एलिहिओ बेनितेसच्या सुतारकामाच्या कारखान्यात सकाळी ऊन तापलं की काम थांबायचं. थंडगार तेरेरेचा, म्हणजे गार पाण्यात भिजवलेल्या पाल्याच्या पेयाचा, एकच पेला, एकच नळी, हातोहात फिरायची. पेला परत देताना ‘आभार’ म्हटलं की समजायचं, या गड्याला आता नको. पन्नाशी ओलांडलेला एलिहिओ नेहमी शेवटपर्यंत बसणारा. पण हल्ली पहिल्याच फेरीला आभार मानून उठू लागला.

“काय रे, आमची उष्टी नळी चालेना वाटतं?” त्याचा जुना जोडीदार रुफिनो चिडवायचा. “की दुसरी कुणी पाजते?”

सगळे हसत. एलिहिओही हसे आणि रंधा उचले.

पाणी प्यायलं की त्याला सारखं लघवीला उठावं लागे, आणि जाऊन उभं राहिलं की थेंब थेंब. म्हणून त्याने पाणीच तोडलं. तेही जानेवारीत, जेव्हा तिकडे भर उन्हाळा असतो! एके दिवशी करवतीपाशीच त्याला भोवळ आली. नशीब, करवत बंद होती.

मुलगी मिर्ता तान्ह्याला कडेवर घेऊन धावत आली. ओल्या फडक्याने त्याचं तोंड पुसत म्हणाली, “पापा, पाणी का पीत नाहीस?”

मान खाली घालून त्याने सांगून टाकलं. रुफिनो या वेळी हसला नाही.

“वय झालं की होतंच,” एलिहिओ पुटपुटला. “दवाखान्यात जाऊन कुणाला तिथे हात लावू देऊ? पुरुष आहे मी!”

“बाळाला प्रत्येक लशीला तूच नेतोस. तो रडतो म्हणून कधी परत आणलंस?” मिर्ताने बाळाला त्याच्या मांडीवर ठेवलं. “तुला काही झालं तर याला कोण नेणार?”

रुफिनो हळूच म्हणाला, “माझा भाऊही असाच लपवत राहिला. दाखवायला गेला तेव्हा कॅन्सर हाडांत उतरला होता. त्याची लाज शाबूत राहिली, तो नाही राहिला! ऊठ, मी येतो बरोबर.”

तपासणी झाली, रक्त दिलं. डॉक्टर म्हणाले, “या वयात मूत्राशयाखालची प्रोस्टेट ग्रंथी वाढते, बहुतेक तेच असेल. पण रिपोर्ट आल्याशिवाय खात्री नाही.” धाकधूक घेऊनच एलिहिओ बाहेर आला. बाकावर त्याच्याच वयाचा एक अनोळखी माणूस जमिनीकडे बघत बसला होता. एलिहिओ त्याच्याशेजारी टेकला.

“मला लघवीचा त्रास आहे,” तो मोठ्याने म्हणाला. “तुम्हाला?”

त्या माणसाने दचकून वर पाहिलं. मग हळूच मान हलवली.

बांधवांनो, उतरत्या वयात शरीर काही सांगू लागलं तर ‘चालायचंच’ म्हणून त्याला गप्प बसवू नका. आणि आपल्या माणसाची सवय अचानक बदलली, तर टोमणा मारण्याआधी त्याला विचारा, “काय होतंय?”