पत्र्यावरची ठकठक

भांडण वीतभर जागेचं होतं. वीतभर जागेत धड मिरचीचं रोपही वाढत नाही, पण तेवढ्यापायी टेलरबाई आणि शेजारच्या नर्सबाई एकमेकींचं तोंड बघेनाशा झाल्या. टेलरबाईंची लेक ह्याच नर्सबाईंच्या हातांवर जन्मली, आणि नर्सबाईंचा एकेक युनिफॉर्म टेलरबाईंनी शिवला. एकीकडे चहा टाकला की दुसरीकडे कप निघायचे. मग नर्सबाईंनी कुंपण नवं घातलं, ते म्हणे वीतभर अलीकडे सरकलं. टेलरबाई कापड मोजायची टेप घेऊन मातीत उतरल्या. शब्दानं शब्द वाढला, सरकारी मोजणी झाली, टेलरबाई जिंकल्या आणि हद्दीवर डोक्याएवढे उंच पत्रे ठोकून मोकळ्या झाल्या.

नर्सबाई एकट्या राहायच्या, आणि हट्टी तर अशा की विचारू नका. टेलरबाई दुपारी मशीनवर बसल्या की पलीकडून पत्र्यावर लाटणं सुरू. ह्याही उठून कात्रीच्या मुठीनं उलट ठोकायच्या. बोलणं बंद होतं, तेव्हा हेच बोलणं. खरं सांगायचं तर टेलरबाई त्या आवाजाची वाट बघायच्या, पण कबूल कोण करतंय?

एका दुपारी ठकठक हळू होती, थांबून थांबून.

"आज दमलेली दिसते," टेलरबाई लेकीला म्हणाल्या आणि त्यांनी पत्रा दणाणून सोडला. पलीकडे एकदम शांत झालं. "जिरली," म्हणत त्यांनी बाही जोडायला घेतली.

दुसऱ्या दिवशी दूधवाल्याला नर्सबाई पत्र्याशी पडलेल्या सापडल्या. डॉक्टर म्हणाले, अर्धांगाचा झटका. वाचा गेली असणार, पण आदल्या संध्याकाळपर्यंत जीव होता.

टेलरबाईंनी स्वतःच्या हातानं पत्रे उचकटले. लेक म्हणत होती, "आई, राहू दे ना आता." त्यांनी ऐकलं नाही. पलीकडच्या अंगाला लाटण्याचे पोचे होते, सगळे खांद्याच्या उंचीला. एकाच पत्र्यावर अगदी तळाशी, मातीलगत, बारीक बारीक खुणा होत्या, आणि खाली एक दगड पडलेला.

टेलरबाई तिथंच बसल्या.

"मला बोलावत होती गं ती."

"तुला कसं कळणार होतं?"

"मला नाही कळलं. पण मी उलट ठोकलं ना," टेलरबाई म्हणाल्या. "तिला वाटलं, हिनं ऐकलं, आता येईल. म्हणून ठोकायची थांबली ती. माझी वाट बघत पडून राहिली."