मधला ट्रक

एलोदियानं तिसऱ्या पर्यायावर बोट आपटलं आणि संगणकाच्या पडद्यावर पुन्हा तीच लाल फुली उमटली. पहिल्यांदा फुली आली तेव्हा आपलं बोट घसरलं असेल असं तिला वाटलं होतं. म्हणून तिनं तेच उत्तर परत दिलं होतं, जरा जोरात, बहिऱ्या माणसाशी बोलावं तसं.

प्रश्न अगदी बाळबोध होता. मेक्सिकोतल्या मोंतेरेच्या कारखान्यातून निघालेले फ्रीज शिकागोच्या गोदामात पोचेपर्यंत किती ट्रक लागतात? एक, दोन, तीन की चार?

सव्वीस वर्षं ती सरहद्दीवरच्या नदीकाठच्या कचेरीत याच मालाचे कागद भरत होती. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी तिनं तीनच सांगितले असते.

"सर, या तुमच्या यंत्राला एकदा पूल दाखवून आणा हो!"

लिंडक्विस्ट सर उठून तिच्या टेबलापाशी आले. मिनेसोटाहून गेल्याच वर्षी या कम्युनिटी कॉलेजात आलेला, तिच्या थोरल्या लेकीच्या वयाचा माणूस. तो आंतरराष्ट्रीय व्यापार शिकवायचा आणि टेक्सासच्या उन्हानं त्याचं नाक बारा महिने सोललेलं असायचं.

"पुस्तकातलं पान एकशेबारा बघितलंत का, मिसेस कावाझोस?"

"बघितलं. तिथं एकच ट्रक आहे. मोंतेरेला माल भरला, थेट शिकागोला उतरवला. वाटेत नदी नाही, पूल नाही, काही नाही."

"दोन्ही देशांच्या व्यापार करारात तशी मुभा आहे."

"मुभा देऊन तीस वर्षं होत आली. जातात किती, ते सांगा ना! मोंतेरेचा ट्रक पलीकडच्या यार्डात माल सोडून परत फिरतो. तिथून ट्रान्सफरवाला तो पुलावरून इकडे आणतो. मग आपला ट्रक पुढे नेतो. घ्या, मोजा." तिनं तीन बोटं त्याच्या सोललेल्या नाकासमोर धरली.

सरांनी आजूबाजूला पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"मला माहीत आहे हो. परवाच त्या ट्रान्सफरच्या रांगेमागे तासभर अडकलो होतो. पण परीक्षा प्रकाशकाकडून येते, तपासतोही तोच. मला एक गुणसुद्धा इकडचा तिकडे करता येत नाही."

"म्हणजे तुम्हालाही माहीत आहे, मलाही माहीत आहे, आणि चूक माझीच?"

"आत्ता पास व्हा. मग आपण दोघं मिळून त्यांना पत्र लिहू."

एलोदियानं कपाळावर हात मारून घेतला. पुराणातली वांगी पुराणात, असं म्हणून सोडून देण्याजोगी गोष्ट असती तर तिनं कधीच सोडून दिली असती. पण तिची कचेरी आता ओहायोतल्या एका कंपनीनं विकत घेतली होती, आणि सोमवारपर्यंत या अभ्यासक्रमाचं प्रमाणपत्र दाखवलं नाही तर विभागप्रमुखाची खुर्ची तिकडून येणाऱ्या एका मुलीला मिळणार होती. त्या मुलीला कागद कसे भरायचे ते फोनवरून एलोदियानंच शिकवलं होतं. पंधरा आठवडे कामावरून थेट इथं यायचं, रात्री गुडघ्यांना मलम चोळत परकीय चलनाचा धडा वाचायचा, आणि शेवटी अडायचं कुठं, तर आपल्याच दारात. चीड आली तिला. पुस्तकाची, यंत्राची, या सभ्य पोराची, आणि आपल्या हट्टाचीही.

पास व्हायला सत्तर गुण हवे होते. तिला अडुसष्ट होते. बाकीच्या प्रश्नांचे सगळे प्रयत्न संपले होते. या चार गुणांच्या प्रश्नाचा एक प्रयत्न उरला होता आणि परीक्षा चार वाजता बंद होणार होती. पावणेचार वाजले होते.

"दाबा ना," सर अजिजीनं म्हणाले. "एका उत्तरानं काय बिघडतंय?"

मधला ट्रक निकानोरचा होता. तिचा नवरा गेली चोवीस वर्षं ट्रान्सफर चालवत होता. या काठावरून त्या काठावर नऊ मैल, दिवसाला तीन खेपा, पुलावरच्या रांगेतच जेवण आणि रांगेतच डुलकी. त्या नऊ मैलांवर घर उभं राहिलं होतं, दोन लेकींची लग्नं झाली होती. पान एकशेबारावरून त्याला कुणी काढून टाकलं नव्हतं. तो तिथं कधी नव्हताच.

चारला पाच मिनिटं कमी असताना तिनं पहिला पर्याय दाबला.

हिरवी खूण आली. बहात्तर. सरांनी टाळी वाजवली, दोघातिघांनी मागं वळून पाहिलं. एलोदियानं चष्मा काढला. पदवी मिळाल्यासारखं नाही, कुणाची तरी चुगली केल्यासारखं तिला वाटत होतं.

तेवढ्यात फोन वाजला. निकानोर पुलावरून बोलत होता.

"काय गं, निकाल?"

"झाले पास."

"अरे, माझी म्हातारी पास झाली!" तो खिडकीतून बाहेर ओरडला. मग त्यानं भोंगा दाबला. शेजारच्या ट्रकनं दाबला, त्याच्या मागच्यानं, मग त्याच्या मागच्यानं. पूलभर भोंगे वाजायला लागले. तिनं फोन कानापासून लांब धरला तरी खोलीत सगळ्यांना ते ऐकू येत होते. लिंडक्विस्ट सर आपल्या टेबलावरचे कागद उगाचच नीट लावत राहिले.

"ऐकलंस का? सगळे ट्रान्सफरवाले तुझ्यासाठी वाजवतायत!"

"ऐकलं."

"आणि एवढा वेळ कशाला लागला? अडलं कुठं होतं?"

एलोदियानं पडद्याकडे पाहिलं. हिरवी खूण अजून तशीच होती.

"जहाजांचा एक प्रश्न होता," ती म्हणाली.