बारा महिन्यांचा मान

"गो ललिता, पंखा बंद कर आधी! विनीतशेट आले!"

ललिताने बटण दाबलं. पंखा रेंगाळत थांबला आणि पात्यांवरची लाल अक्षरं वाचता येऊ लागली : 'कै. वडिलांच्या स्मरणार्थ, विनीत, मुंबई मंडळ.' पंखा फिरत असला की देणगीदार दिसत नाही आणि देणगीदार दिसायचा तर वारा लागत नाही, ही आधारघराची जुनी अडचण होती. मे महिना होता. म्हातारी माणसं घाम पुसत विनीतशेटकडे कृतज्ञतेने बघत राहिली. विनीतशेटने पंख्याचा फोटो काढला आणि तो मंडळाच्या ग्रुपवर टाकला.

तुडीलजवळच्या त्या गावातली शाळा पोरांअभावी बंद पडली, तेव्हा भिकाजींनी खटपट करून तिचं आधारघर केलं होतं. आठ खोल्या. सहांत एकटी म्हातारी माणसं, दोनांत कर्ता माणूस गेलेली कुटुंबं. भिकाजी तहसील कचेरीतले निवृत्त शिपाई. चौतीस वर्षं फायली इकडून तिकडे नेताना त्यांना एक गोष्ट कळली होती, की फाईल सहीने पुढे जात नाही, नेणाऱ्याच्या पायांनी जाते. आधारघरातल्या बाकावर, टाकीवर, आरशावरसुद्धा कुणाचं ना कुणाचं नाव होतं. आरशात तोंड बघायचं तर आधी एका काकूंच्या पुण्यस्मरणातून वाट काढावी लागे. म्हाताऱ्यांना उठवणाऱ्या-बसवणाऱ्या, औषधं देणाऱ्या ललितावर मात्र कुणाचंच नाव नव्हतं. तिचा पगार कसा निघतो, हे भिकाजी आणि त्यांचं पेन्शन या दोघांनाच ठाऊक होतं.

आता सहा खोल्या वाढवायच्या होत्या. प्रतीक्षा यादीत पहिलं नाव भिकाजींच्या वाडीतल्या मैनाबाईचं. सावित्री नदीच्या पुराने तिच्या घराची मागची भिंत नेली होती. तिथे प्लास्टिक बांधून ती एकटी राहत होती. मागच्या महिन्यात ती विहिरीपाशी पडली आणि दुपारपर्यंत तशीच पडून राहिली.

"भिकाजी, येक डाव उठले," ती म्हणाली होती. "दुसऱ्या डावाला नाय उठायची. काय ता लवकर कर."

पुण्याच्या एका मदतसंस्थेची दीप्ती येऊन पाहणी करून गेली. मुलगी हुशार होती. पंखे न बघता ती ललिताशी तासभर बोलली.

"काका, खोल्यांचा खर्च आम्ही देऊ," ती म्हणाली. "पण चौदा खोल्यांना एक ललिता पुरणार नाही. ती आणि आणखी एक बाई, दोघींचा तीन वर्षांचा पगार गावाने लेखी उचलायला हवा. सांभाळणारं माणूस नसेल तर ते घर नाही, गोदाम. महिनाअखेरपर्यंत पत्र द्या. नाहीतर पैसे दुसऱ्या तालुक्यात जातील."

रविवारी देवळाच्या सभामंडपात गावकी बसली. अध्यक्ष रावजी. मुंबईकर मंडळी एका मोबाईलमध्ये, आणि तो मोबाईल तांब्याला टेकवून ठेवलेला. भिकाजी सवयीने शेवटच्या पायरीवर बसले. त्यांच्या वाडीने दीक्षा घेऊन सत्तर वर्षं होत आली होती, पण पायरी काही बदलली नव्हती.

त्यांनी विषय मांडला. सभा शांत झाली. वर्गणी म्हटल्यावर होते तशी.

"काका, कायतरी पर्मनंट सांगा ना," तांब्याजवळून विनीतशेट बोलला. "पगार म्हणजे नुसता खर्च हाय. त्याच्यावर नाव कुठं घालायचं?"

"बाईच्या पाठीवर घाल!" कुणीतरी म्हणालं. सगळे हसले आणि रावजींनी पुढचा विषय घेतला.

पुढचा विषय शिमग्याचा होता. शिमग्याला अजून दहा महिने होते, पण पालखी आधी कुणाच्या दारात थांबणार, हे आताच ठरायला हवं होतं. त्यावर दीड तास भांडण झालं. दोन चुलतभाऊ अंगावर धावून गेले. बेळगावला बदली झालेला एकजण मानासाठी रजा टाकून आला होता. तांब्यासकट मोबाईल कलंडला, तरी मुंबईकर आडव्याने भांडत राहिले.

भिकाजी ऐकत होते. त्यांच्या घराला आजवर पालखीला खांदा द्यायला मिळाला नव्हता, त्यामुळे या भांडणाकडे त्यांना निवांत बघता येत असे. आज बघता बघता ते ताठ बसले आणि भांडण जरा दम खायला थांबताच म्हणाले,

"रावजीनू, मघाशी माझा सांगायचा चुकला. वर्गणी नकोच हाय. मान हायेत. बारा."

"कसले मान?"

"महिन्याला येक घर मानकरी. त्या महिन्यात दोघी बायांचा पगार त्या घराचा. आधारघराच्या दारावर त्याची पाटी, चैतापासून फाल्गुनापर्यंत. ज्याला जमणार नाय त्याचा मान पुढच्या घराला. कायमचा."

सभा पुन्हा शांत झाली, पण ही शांतता वेगळी होती. 'पुढच्या घराला' हे शब्द प्रत्येकजण शेजाऱ्याकडे बघत गिळत होता.

"चैत कोणाचा?" दोघे चुलतभाऊ एकदम म्हणाले.

मग जे झालं त्यापुढे शिमग्याचं भांडण म्हणजे कुजबूज. बारा महिन्यांना सतरा घरं उभी राहिली. रावजींनी अध्यक्ष या नात्याने वैशाख स्वतःकडे घेतला.

"आणि अधिक महिना आला तर?" विनीतशेट ओरडला.

"तो मुंबईकरांचा!"

अडून राहिला तो चैत. एका भावाला दिला तर दुसरा गावकी सोडणार. रावजींनी बराच वेळ टोपी काढून डोकं खाजवलं.

"कोणालाच नको," ते अखेर म्हणाले. "चैत भिकाजीच्या वाडीला. त्यांची जयंती तवाच येते. झाला?"

वर्षाचा पहिला मान भिकाजींच्या वाडीला का मिळाला, हे भिकाजींना नीट कळलं. पण हुकूम हातात आला की कारण विचारायचं नसतं, हेही ते कचेरीत शिकले होते. "झाला," असं म्हणून त्यांनी सर्वांच्या सह्या घेतल्या आणि लिहायला कागद टेकवता यावा म्हणून वर, खांबापाशी येऊन बसले.

पत्र बघून दीप्तीने फोन केला. "काका, आमच्या फॉर्ममध्ये जानेवारी, फेब्रुवारी आहे. हे आश्विन, कार्तिक कुठे भरू?"

"भरा कुठंपण, ताई. माणसं पक्की हायेत."

पुढच्या वैशाखात खोल्या उभ्या राहिल्या होत्या, रंग तेवढा बाकी होता. मैनाबाई गुढीपाडव्यालाच राहायला आली होती. महिन्याच्या पहिल्या सकाळी रावजी नवी टोपी घालून, नारळ घेऊन आले. स्वागताला कुणी पुढे आलं नाही. नवी बाई एका आजोबांना अंघोळ घालत होती आणि ललिता मैनाबाईला धरून अंगणातून चालवत असतानाच आत दूध उतू जाऊ लागलं.

"रावजीकाका, हात धरा यांचा जरा!" म्हणत ललिता पळाली.

रावजींनी इकडे तिकडे बघितलं. धरायला जवळ दुसरं कुणी नव्हतं. त्यांनी नारळ खाली ठेवला आणि मैनाबाईचा दंड धरला.

"वाईच धीरानं," ती म्हणाली. "पाय उचलत नाय."

"घाई नाय कसली," रावजी म्हणाले. ओसरीवरून भिकाजी बघत होते, पण उठले नाहीत.

दोघं एकेक पाऊल टाकत खोलीजवळ आली. तिथे बांधकामातून उरलेल्या विटा रचल्या होत्या आणि खांब व विटा यांच्यामधून एकाच माणसाला जाता येत होतं. मैनाबाई जुन्या सवयीने बाजूला सरून थांबली.

रावजीही थांबले. मग त्यांनी अंग चोरून विटांना पाठ लावली.

"तुमी व्हा म्होरं," ते म्हणाले.