निल्याची बारी

मी एक जुनी चुंबळ आहे. मित्रांनो, तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मला टीव्हीवर पाहिलं असेल आणि पोट धरून हसलाही असाल. आज मी तुम्हाला हसवणार नाही. मी चिडलेली आहे आणि ते लपवायची माझी इच्छा नाही.

माझा जन्म पेणच्या खाडीकाठच्या एका गावातला. धोंडुबाईने आपलं विरलेलं लुगडं फाडलं, त्याची घट्ट गुंडाळी वळली आणि मला डोक्यावर ठेवलं. माझ्यावर मिठाची टोपली. ओल्या मिठाचं पाणी आधी मी प्यायचे, उरलेलं तिच्या मानेवरून पाठीत उतरायचं. तिथली कातडी सोलवटून निघे. तरी धोंडुबाई मान ताठ ठेवून चाले, कारण मान कलली की टोपली गेलीच. त्या चालीचा मला अभिमान होता आणि अजून आहे.

दुपारच्या भाकऱ्या झाल्या की मिठागराच्या बांधावर नकलांचा खेळ रंगायचा. बाया एकमेकींच्या नकला करायच्या, मुकादमाचीही करायच्या. नियम एकच होता. नक्कल करणारीने मला डोक्यावर घ्यायचं आणि नक्कल संपली की जिची केली तिच्या हातात मला द्यायचं. मग तिची बारी. आता तिने नक्कल करायची आणि आधीचीने गुमान समोर बसायचं. मुकादम दत्तात्रेयसुद्धा एकदा मला डोक्यावर घेऊन ठुमकला होता. आपल्यावरही बारी येणार हे ठाऊक असल्यामुळे कोणी कोणाच्या वर्मावर बोट ठेवत नसे.

धोंडुबाईचा निलेश याच बांधावर नकला शिकला. पोरगा गुणी, यात वाद नाही. पेणच्या गणेशोत्सवात गाजला, एकांकिकांतून पुढे आला आणि मुंबईला एका वाहिनीच्या विनोदी कार्यक्रमात लागला. जाताना त्याने मला आईकडून मागून नेलं. तिथे तो लिहायचाही स्वतः आणि करायचाही स्वतः. मिठागरातल्या बाईचं पात्र उभं केलं आणि नाव ठेवलं धोंडी. पहिल्याच भागात धोंडीने मुकादमाला असं काही झाडलं की कॅमेरेवालासुद्धा हसला. मला वाटलं, पोरगं खाल्ल्या मिठाला जागलं.

पण वाहिनीच्या साहेबांचं पोट भरेना. चेहऱ्याला काळं फासा म्हणाले, निलेशने फासलं. पुढे आलेले दात लावा म्हणाले, लावले. धोंडीला लिफ्ट कळेना, मोबाइल कळेना, आणि शेवटी ती टोपलीसकट आपटायची. ती आपटली की टाळ्या पडायच्या. दर आठवड्याला आपटायची. अहो, धोंडुबाई उभ्या जन्मात कधी टोपली घेऊन पडली नाही! आणि हे लिहिलं कोणी? तिच्या पोटच्या पोराने.

दिवाळीत निलेश घरी आला तेव्हा मी त्याच्या बॅगेत होते. त्याची पुतणी ऋतुजा पेणच्या कॉलेजात शिकते. एसटी स्टँडवर मुलं तिच्यामागे वेडीवाकडी चालतात, ‘ए धोंडे’ म्हणून हाक मारतात, असं तिने काकाला सांगितलं. धोंडीसारखं ‘हाय’, ‘नाय’ तोंडातून निघेल म्हणून ती वर्गात बोलतच नव्हती. निलेश हसला आणि म्हणाला, काळं फासणं, दात लावणं, आपटणं हे सगळं साहेबांनाच हवं असतं, आणि लोक हसतात म्हणजे प्रेमच करतात. चुलीपाशी धोंडुबाई ऐकत होती.

पुढे रोह्याला निलेशचा सत्कार झाला. धोंडुबाई आणि ऋतुजा पहिल्या रांगेत बसल्या. निलेशने धोंडी केली, धोंडी आपटली, सभागृह दणाणलं. मग आयोजकांनी आईला वर बोलावून शाल दिली आणि दोन शब्द बोलायची विनंती केली.

तिने मुलापुढे हात केला. “निल्या, चुंबळ दे. आता माझी बारी हाय.”

त्याने हसतच दिली. किती वर्षांनी माझ्याखाली ती मान आली! धोंडुबाईने हात जोडले आणि समोर कोणी साहेब बसलाय असं धरून गुडघे वाकवले.

“साहेब, काळं फासलं. अजून फासू? दात लावलं. अजून लावू?” ती आणखी खाली गेली. “आय पाडली, साहेब. अजून पाडू?”

गुडघे जमिनीला टेकले, पण मान ताठ होती. मी जराही हलले नाही. पहिल्या वाक्याला लोक हसले, दुसऱ्याला थोडे हसले, तिसऱ्याला फक्त ऋतुजा हसली, अगदी मोठ्याने.

धोंडुबाई उठली आणि तिने मला निलेशपुढे धरलं. “घे. तुझी बारी.”

त्याने मला घेतलं नाही. माइक उचलून म्हणाला, विनोद आमच्या रक्तातच आहे. मग गाणं लागलं. पुढच्या आठवड्यात टीव्हीवर त्याच्या डोक्यावर जरीकाठाची नवी कोरी चुंबळ होती. धोंडी तशीच आपटली.

मित्रांनो, नकला खुशाल करा. पण ज्याची कराल त्याच्या हाती चुंबळ द्या आणि समोर बसायची छाती ठेवा. ती नसेल तर नुसत्या टवाळीला विनोद म्हणू नका.

मी आता धोंडुबाईच्या घरी खुंटीवर असते. ती मला अधूनमधून धुते, उन्हात वाळवते. ही जुनी चिंधी कशाला ठेवलीस, असं कोणी विचारलं तर सांगते, “निल्याची बारी बाकी हाय.”