भरतीच्या वेळेचा वर्ग

चार वाजून गेले, तरी समाजमंदिराच्या खोलीत शिकायला एकही बाई आलेली नव्हती. फळा होता, खडू होते, सरकारी अनुदानातून आलेल्या कोऱ्या पुस्तकांचा गठ्ठा होता, आणि एकुलत्या एका खुर्चीवर तालुक्याहून वर्ग तपासायला आलेल्या अंबिका मॅडम होत्या. क्षिप्राने पुसलेला फळा पुन्हा एकदा पुसला.

क्षिप्रा अकरावीतली. गेल्या वर्षापर्यंत उत्तर येत असूनही हात वर न करणारी. पण रेवदंड्याच्या कोळीवाड्यातल्या मोठ्या बायांना लिहायला-वाचायला शिकवायला कॉलेजातून कोणीतरी हवं होतं, आणि ही कशी कोण जाणे, हो म्हणून बसली. बाया तिला ‘बाई’ म्हणायला लागल्या, तेव्हापासून पोरगी जमिनीवरून चालत नव्हती. भर बाजारात गिऱ्हाईकाला गप्प करणाऱ्या बायांना ती बिनदिक्कत रागवायची, आणि त्या चक्क ऐकून घ्यायच्या.

मॅडमचं म्हणणं सरळ होतं. पुढच्या वर्षासाठी अनुदान मागायचं, तर वर्ग चालू असल्याचं त्यांनी स्वतः पाहिलेलं असायला हवं. नाहीतर फळ्यासकट सगळं दुसऱ्या गावाला जाणार. त्या चिडल्या नव्हत्या, उलट कीव आल्यासारख्या बोलत होत्या, आणि तेच क्षिप्राला जास्त झोंबलं. गेल्या आठवड्यात इथे पाय ठेवायला जागा नव्हती, असं ती परत परत सांगत राहिली. मॅडमनी घड्याळ पाहिलं आणि थोडं थांबू म्हणाल्या.

क्षिप्राला कुठला धीर? ती दारात आली. रस्त्याने बर्फाची गाडी बंदराकडे धावत होती, तिच्यामागे रिकामे टेम्पो. आणि तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. होड्या खाडीत शिरतात भरतीला, आणि भरती रोज थोडी पुढे सरकते! वर्गाची वेळ तिने ठरवली होती कॉलेज सुटण्यावरून. गेल्या आठवड्यात चारला बाया मोकळ्या होत्या, आज चारला होड्या लागल्या होत्या, म्हणजे बाया मासळीच्या लिलावाला. नारळाच्या वाडीत, लाटांच्या आवाजात लहानाची मोठी झालेल्या मुलीला हे सुचू नये? पण लाजायला आत्ता वेळ कोणाकडे होता?

“मॅडम, वर्ग बंदरावर आहे,” ती म्हणाली, आणि मॅडमची पर्स उचलून चालायलाच लागली. मॅडमना मागे येण्यावाचून गत्यंतर उरलं नाही.

बंदरावर लिलाव रंगात आलेला. सगळ्यांच्या पुढे नीराबाई, पदर खोचून, कोळंबीच्या पाट्यांवर नजर रोखून. वर्गात ती सर्वांत वयस्क आणि सर्वांत वात्रट.

“आली का गो बाई?” ती म्हणाली. “शाला चारला भरवलीस, पन दर्याला इचारलंस काय?”

बाया खदखदून हसल्या. क्षिप्राही हसली आणि एका दमात अनुदानाचं सगळं सांगून मोकळी झाली. मग तिने नीराबाईला होड्यांवरची नावं वाचायला लावली. नीराबाईने ती धडाधडा वाचली. मॅडमनी नकारार्थी मान हलवली. या होड्या तर नीराबाई रंगावरूनही ओळखत असतील, असं त्या म्हणाल्या.

“व्हय. आंधारात बी वलखेन,” नीराबाईने प्रामाणिकपणे कबूल केलं.

क्षिप्राने कपाळाला हात लावला. मॅडमनी मात्र बर्फाच्या थर्माकोलच्या खोक्याचं झाकण उचललं, पर्समधून मार्कर काढला, काहीतरी लिहिलं आणि नीराबाईसमोर धरलं. आसपासच्या बाया झाकणावर वाकल्या. बोली लावणाराही थांबला.

नीराबाईने लुगड्याला हात पुसले. “उ... द्या. उद्या. वर... वर्ग.” मध्येच अडली. क्षिप्राने जीभ दाताखाली धरली, सांगायचं नाही म्हणजे नाही. नीराबाईचे ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले. आणि मग ती अख्खं वाक्य एका श्वासात म्हणाली, “उद्या वर्ग कधी आहे? शेवटाला प्रश्नाचा आकडा हाय, म्हंजे इचारतायत.”

तिने मार्कर मागून घेतला आणि खाली वाकडंतिकडं, पण हे एवढं मोठं उत्तर लिहिलं: लिलाव झाला की.

मॅडम हसल्या, पण अडचण सांगायला विसरल्या नाहीत. त्यांना वरच्यांना ठरलेली वेळ कळवावी लागते.

“मंग भरतीवर हाय म्हनून कलवा,” नीराबाई म्हणाली. “रोज सकाली वेल आमी फल्यावर लिवू. तुमी येऊन वाचा.”

मॅडमनी झाकणाचा फोटो काढला. वर्ग चालू आहे, असंच कळवणार, वेळ भरतीवरची लावून घेणार आणि अंधार पडला तर म्हणून अनुदानात दिवेही मागणार, असं त्या म्हणाल्या. क्षिप्राने आनंदाने जी किंकाळी फोडली, तिने धक्क्यावरचे बगळे उडाले.

लिलाव आटपला. बायांनी रिकामे क्रेट उपडे मांडले, एक मॅडमनाही दिला. क्षिप्राने झाकणाची कोरी बाजू वर केली आणि होड्यांच्या इंजिनांपेक्षा मोठ्या आवाजात शिकवायला सुरुवात केली.