तिसऱ्या खाचेपर्यंत

मी एक जुनी काठी आहे, पेठच्या डोंगरातल्या भरीव बांबूची. मंगळू नावाच्या शेतकऱ्याने मला तोडलं, विस्तवावर शेकून सरळ केलं आणि वीत-वीत अंतरावर माझ्या अंगावर सहा खाचा पाडल्या. त्याची मुलगी मीना नाशिकला शाळेत शिकत होती. तिच्या विज्ञानाच्या बाईंना, सिंधुबाईंना, पाणी मोजायला काठी हवी होती. अशी मी शाळेत आले.

मित्रांनो, ते माझे सुखाचे दिवस होते. पुराचं पाणी गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर कुठवर चढलं हे सारं नाशिक पाहतं. गुडघा, कंबर, छाती. आमची मुलं त्याच्यासोबत मलाही पाहत. मला घाटाच्या पायरीवर उभं करायचं आणि बुडालेल्या खाचा मोजायच्या.

"वहीत पाहिलेलं आधी लिहायचं," बाई सांगत. "ऐकलेलं नंतर."

एकदा वर्गात भरती-ओहोटीचा धडा चालला होता. मी फळ्याला टेकून उभी होते. मीनाने विचारलं, "बाई, तुम्ही भरती पाहिली आहे?"

बाईंनी तेव्हा समुद्रच पाहिला नव्हता. तरी त्या म्हणाल्या, "हो."

"मग पाणी येणार हे कळतं कसं?"

नाशिकला धरणाचं पाणी सोडायचं झालं की आधी भोंगा वाजतो आणि घाटावरचे लोक आपापलं सामान उचलतात. बाईंच्या तोंडून निघून गेलं, "भोंगा होतो."

मुलांनी ते वहीत लिहून घेतलं.

पुढे बाई निवृत्त झाल्या आणि मी त्यांच्या घरी आले. बरीच वर्षं दारामागे केरसुणीजवळ उभी होते. जळमटं काढण्यापुरती माझी आठवण होई. मग बाईंचा गुडघा दुखू लागला आणि मी पुन्हा हातात आले.

यंदा थंडीत मीनाचा फोन आला. ती आता पेठला विज्ञान शिकवते. "भरतीचा धडा घेतला, बाई," ती म्हणाली. "तुमचं भोंग्याचं सांगितल्याशिवाय तो धडा मला पुरा वाटत नाही." फोन ठेवून बाईंनी पेन्सिलने समुद्राकडे जाणाऱ्या वाटेचा एक नकाशा काढला.

आठवड्याभराने आम्ही दोघी मुंबईत, वांद्र्याला उतरलो. रिक्षावाल्याने विचारलं, "समुद्रावर ना? पाच मिनिटांत सोडतो."

"पाच मिनिटांत मला काय दिसणार?" बाई म्हणाल्या.

ते दोन किलोमीटर पायी जायला आम्हांला तीन तास लागले. जुन्या गल्ल्यांत लाकडी घरं होती, त्यांचे जिने घराबाहेरून वर चढत होते. कोपऱ्याकोपऱ्यावरच्या क्रुसांना झेंडूच्या माळा घातलेल्या होत्या. बाई प्रत्येक ठिकाणी थांबत, हाताचा भार माझ्यावर देत आणि नकाशावर एक ठिपका काढत. हवेत खारट वास येऊ लागला तशी त्यांची मूठ घट्ट झाली. पुढे चिंबईची कोळ्यांची वस्ती लागली आणि गल्ली संपली. तिथे पाणी नव्हतंच. दूरवर नुसते काळे खडक होते आणि त्यांच्या पलीकडे एक चकाकती रेघ.

बोंबील वाळत घालणाऱ्या एका कोळणीने आमच्याकडे पाहिलं. "काय गो बाय, काय हरवलं?"

"समुद्र," बाई म्हणाल्या.

"येईल आता. गेलाय तो यायलाच."

"भोंगा केव्हा होतो?"

ती कोळीण हातातला बोंबील तसाच धरून हसू लागली. "कोण वाजवणार? आणि तो काय विचारून येतो?"

बाईंनी खडकांमधल्या एका शांत डबक्यात मला रोवलं, स्वतः वरच्या दगडावर बसल्या आणि घड्याळ हातात घेतलं. पाणी आलं. मित्रांनो, मी कितीतरी पूर अंगावर घेतले आहेत, पण त्या पाण्याला आवाज होता, ओढ होती. हे पाणी नुसतं वाढत होतं. कोणी सोडलेलं नव्हतं, कुठे दार उघडलेलं नव्हतं. पहिली खाच बुडायला सदतीस मिनिटं लागली, दुसरीला तेवीस, तिसरीला एकोणीस. कुठेतरी दिवसाउजेडी न दिसणारा चंद्र हे सारं पाणी उचलत होता. बाईंनी हे तीस वर्षं शिकवलं होतं. आता त्या घड्याळ पाहून एकेक आकडा नकाशाच्या कडेला लिहीत होत्या.

"बाय, पायाखाली बघ," मागून हाक आली. "पाणी पाठून पण येतं."

बाईंनी मला उपटलं. चपला भिजवत आम्ही वर आलो. तिथेच उभ्या राहून त्यांनी फोन लावला.

"मीना, भोंगा नसतो. तेव्हा मी समुद्र पाहिला नव्हता. आज पाहिला. मुलांना तसं सांग. माझं नाव घेऊन सांग."

मीनाने तीस वर्षांपूर्वीचाच प्रश्न विचारला.

"मग कळतं कसं, बाई?"

"बसून पाहावं लागतं," बाई म्हणाल्या.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखी एखादी काठी दारामागे उभी असेल, तर तिला पुसा, तेलाचं बोट लावा आणि एकदा पाण्याजवळ न्या. बाई मला रोज पुसतात. फक्त तिसऱ्या खाचेवरची मिठाची पांढरी रेघ त्यांनी तशीच ठेवली आहे.