माझ्या पंपाची टिकटिक

“गप्प बसा रे सगळे. तिला बोलू द्या.”

हा आवाज मी पहिल्यांदा ऐकला, तेव्हा माझ्या अंगावरचा हिरवा रंग पुरता वाळलाही नव्हता. कारखान्यातली माणसं चहाचे मग हातात धरून गप्प झाली. अडतिशीतला एक माणूस माझ्यावर वाकला. त्याच्याकडे अॅश झाडाच्या लाकडाची हातभर काठी होती. तिचं एक टोक त्यानं माझ्या इंजिनाला टेकवलं, दुसरं कानाला लावलं आणि डोळे मिटले. “तिसऱ्या सिलिंडरात किंचित रुसलीय,” तो म्हणाला. खरंच रुसले होते मी तिथे. त्याचं नाव एनॉक ट्रँटर.

मित्रांनो, मी एक जुनी, दोनच माणसांची, उघड्या टपाची मोटार आहे. बासष्ट साली इंग्लंडच्या मधल्या मुलुखात जन्मले. नाक लांब, कंबर बारीक, आवाज भारदस्त. आठ वर्षं एका दाताच्या डॉक्टरनं मला मिरवलं. मग त्याला मुलं झाली, मुलांना मागची सीट हवी झाली, आणि मी पेअरच्या बागेतल्या एका शेडमध्ये जाऊन पडले. तिथे कोंबड्या माझ्या गादीवर अंडी घालायच्या. सुरुवातीला मला फार वाईट वाटायचं. पुढे त्या उबेचीच सवय झाली.

एक दिवस शेडचं दार उघडलं, आणि काठी दिसली. एनॉकनं मला टेम नदीकाठच्या आपल्या घरी नेलं. त्याची बायको नेल, पाच वर्षांची मुलगी हेस्टर, आणि मी. तेव्हापासून दर जूनमध्ये आम्ही गावापासून दहा मैलांवरच्या टेकडीच्या शर्यतीला जाऊ लागलो. एकेक गाडी खालून वर पळते, लोक गवतावर बसून सँडविच खात बघतात. मी कधी पहिली आले नाही. पण वळणावर माझा आवाज घुमला की म्हातारे लोक टोपी मागे सारायचे. मला तेवढं पुरे होतं.

माझा पेट्रोलचा काटा एकाहत्तर सालीच मेला. एनॉकनं तो दुरुस्त केला नाही. ज्या काठीनं तो मला ऐकायचा, तिच्यावरच त्यानं खाचा पाडल्या. गाडी थांबली की टाकीचं झाकण काढायचं, काठी आत घालायची, खाच बघायची. ही त्याची रीतच झाली. त्यामुळे त्याच्या उजव्या कानाला कायम पेट्रोलचा वास यायचा. नेल त्यावरून त्याला चिडवायची.

नेल दर रविवारी माझी पितळ-पोलादाची अंगं पांढऱ्या पॉलिशनं घासायची. टाकीच्या झाकणाला सुईच्या नाकाएवढं एक भोक आहे. पेट्रोल जसजसं संपतं, तसतशी त्यातून हवा आत येते. घासून झालं की नेल डोक्यातली पिन काढायची आणि त्या भोकात फिरवायची. कुणी विचारलं नाही, म्हणून तिनं कधी सांगितलं नाही. चार वर्षांपूर्वी नेल गेली. पॉलिशचा डबा हेस्टरनं उचलला. पिनेचं तिला ठाऊक नव्हतं.

तेव्हापासून माझा श्वास कोंडू लागला.

घरून निघाले की ठीक असते. दहा-बारा मैल गेले की टाकीत हवा उरत नाही. माझा पंप मागच्या चाकाजवळ आहे, तो टिकटिक करत पेट्रोल ओढतो. टाकीनं धरून ठेवलं की त्याची टिकटिक मंदावते, एखाद्या म्हाताऱ्यानं जिना चढावा तशी. मग चढावर इंजिन मिसिंग करतं. खोकते, अडखळते, थांबते. मी ओरडून ओरडून सांगते, पण माझं ओरडणं म्हणजे तेवढी टिकटिक.

दुखणं पोटात माझ्या, लेप लावती कपाळी,
मुकी मी सांगू कशी, माझी तहान निराळी.

एनॉक काठी कानाला लावायचा, डोळे मिटायचा आणि म्हणायचा, “प्लग.” प्लग बदलले. पुढच्या खेपेला, “पॉइंट.” पॉइंट बदलले. मग वायरी, कॉइल, आणि शेवटी कार्बोरेटर टेबलावर सुटा सुटा झाला. प्रत्येक वेळी वाटेत थांबलो की तो सवयीनं झाकण काढून काठी घालायचा. झाकण निघताच हवा सुस्कारा टाकत आत शिरायची, आणि मी पुन्हा ठणठणीत धावायचे. तो समाधानानं म्हणायचा, “बघ, कॉइलच होती.” पुढचे दहा मैल त्याच्या समाधानाचे. त्यानंतर मी परत खोकायचे, आणि त्याचा चेहरा पडायचा.

मला कळत नव्हतं. सुस्कारा एवढा मोठा, त्याच्या हाताखालीच. त्याला तो कसा कळत नाही?

गेल्या जूनमध्ये शर्यतीच्या रांगेत काठी घालायला उसंत मिळाली नाही. टेकडीच्या दुसऱ्या वळणावर, सगळ्या गावासमोर, मी बंद पडले. शेजारचा क्लेम दोरी घेऊन आला. “एनॉक, तुझी म्हातारी दमली रे,” तो म्हणाला. “तिला आता ओढून नेऊ की उचलून?”

“तू आधी स्वतःची बायको ओढ,” एनॉक म्हणाला. लोक हसले. तो हसला नाही.

यंदाच्या वसंतात चेल्टनहॅमचा एक हॉटेलवाला आला. त्याला मी दिवाणखान्यात उभी करायला हवी होते. टाकी कोरडी करणार, इंजिनातलं तेल काढणार, गादीवर फुलांची टोपली ठेवणार. एनॉक त्याला म्हणाला, “सोमवारी या.” मी तिथेच उभी होते. कोंबड्यांनी निदान ऊब दिली होती.

शनिवारी हेस्टर आली. आता ती पस्तिशीची आहे, केस आखूड कापते. पिशवीतून तिनं एक प्रेशर गेज काढलं.

“हे कशाला?” एनॉकनं विचारलं.

“पंपाचं प्रेशर बघायला, बाबा. एकदाच. सोमवारच्या आधी.”

“चाळीस वर्षं मी मीटरचे काटे बघून गाड्या जुळवल्या नाहीत. मला कान आहेत.”

“मग कानांना आज सुट्टी द्या.”

तो काठी घेऊन स्टिअरिंगमागे बसला. हेस्टरनं पेट्रोलच्या नळीला गेज जोडलं, लांब रबरी नळीनं बॉनेटबाहेर आणलं आणि काचेवर बाहेरून चिकटपट्टीनं चिकटवलं, म्हणजे गाडी हाकताना काटा दिसेल. आम्ही निघालो. काटा तीनवर होता. हॉपच्या वेलींच्या मळ्यांपर्यंत तीन. पुलाजवळ अडीच. चढ लागला तसा दोन, मग दीड. माझी टिकटिक तुटत चालली होती. हेस्टरनं मान किंचित तिरकी केली.

“बाबा, पंप बघा कसा रडतोय.”

एनॉक रस्त्याकडे बघत म्हणाला, “हं.”

काटा एकच्या खाली गेला. मी तीनदा खोकले आणि कडेला थांबले. एनॉक उतरला. सवयीनं मागे गेला, झाकणाला हात घातला, फिरवलं. मी सगळा कोंडलेला जीव एकवटून सुस्कारा टाकला. कुंपणातली मेंढी दचकून पळाली.

एनॉक शांतपणे काठी आत घालत होता.

हेस्टर त्याच्याकडे बघत राहिली. मग तिनं झाकण त्याच्या हातातून घेतलं, उजेडात धरलं. भोकात पांढरं पॉलिश दगडासारखं वाळलं होतं. तिनं कुंपणाच्या तारेचं टोक मोडून ते कोरून काढलं. 

“हे माझं काम,” ती म्हणाली. “मीच बुजवलं. चार वर्षं.” मग त्याच्याकडे वळून म्हणाली, “बाबा, झाकण काढल्यावर केवढा आवाज झाला. ऐकलात ना?”

मित्रांनो, तुम्हाला तोंड आहे. कुठे दुखतं ते सांगता येतं. ज्यांना ते नाही, त्यांच्यावर प्रेम करताना नुसतं घासू-पुसू नका, त्यांना श्वास घ्यायची वाट आहे ना, तेवढं बघा. आणि तोंड असून जो सांगत नाही, त्याच्याजवळ जरा थांबा. मी तरी दुसरं काय करू शकत होते? थांबले होते.

एनॉकनं काठी बाहेर काढली. खाचेकडे बघितलं नाही. तिचं टोक सदऱ्याला पुसत राहिला.

“नाही,” तो म्हणाला. “तीन वर्षं झाली, पोरी. टिकटिक नाही, सुस्कारा नाही. खालची घरघर तेवढी काठीतून हाताला लागते. बाकी मी अंदाजानं बोलायचो. विकायला काढली ती बिघडली म्हणून नाही. ही बोलते आणि मला ऐकू येत नाही, ते सोसवेना.”

हेस्टरनं त्याचा हात धरला.

“सोमवारच्या त्या माणसाला तूच फोन कर,” तो म्हणाला. “येऊ नको म्हणून सांग. फोनवर कोण काय बोलतं, ते मला आताशा कळत नाही.”